वीस रुपयांच्या स्टॅम्पवरचा अंगठा

"हा अंगठा कोणाचा?" ठोंबरे वकिलांनी विचारलं.

कागद त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला होता. वीस रुपयांचा स्टॅम्पपेपर, घड्यांवर पिवळा पडलेला. खाली डावीकडे अप्पांची सही, मधे दोन साक्षीदारांच्या सह्या आणि नोटरीचा गोल शिक्का, उजवीकडे एक जांभळा, कडेला थोडा फिसकटलेला अंगठा.

"बहिणीचा," अप्पा म्हणाले. "इंदुमतीचा. खाली नाव आहे की."

"नाव टायपिस्टनं टाकलंय. ते असू द्या. नोंदणी कुठाय?"

"नोटरी केलंय."

"नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, उंबरे. हक्कसोडपत्र सबरजिस्ट्रारकडं नोंदवावं लागतं. हे तुम्ही सोळा वर्षं कपाटात ठेवलंत, आता पुन्हा तिथंच ठेवा."

कागदाची घडी अप्पांनी जुन्याच रेघांवर घातली आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

ही जून २००८ची गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. सोलापूरला सिव्हिल इंजिनिअरिंग करून वर्षभर एका ठेकेदाराकडे कालव्यांच्या कामावर होते, आणि नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठात पाण्याच्या नियोजनाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मला प्रवेश मिळाला होता. शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. बार्शीतल्या बँकेत सोळा लाखांचा अर्ज केला होता. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण लागे, आणि आमच्याकडे तारण ठेवण्याजोगी एकच वस्तू होती: गावठाणातलं तीन खोल्यांचं स्लॅबचं घर. घरपट्टीच्या सोळा वर्षांच्या पावत्या अप्पांनी एका दोऱ्यात ओवून बँकेत दिल्या होत्या. सगळ्या त्यांच्या एकट्याच्या नावावर. घर आपलं असल्याचा याहून मोठा पुरावा असू शकतो, असं आमच्यापैकी कोणालाच वाटलं नव्हतं.

बँकेच्या वकिलांनी मात्र सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मिळकत पत्रिका काढली. तिच्यावर तीन नावं होती. आजी, जी २००१ साली वारली होती. अप्पा. आणि इंदुमती निवृत्ती उंबरे, म्हणजे माझी आत्या.

वकिलांनी दोन मार्ग सांगितले. एक, आत्याला आणून नवं हक्कसोडपत्र करायचं आणि ते नोंदवायचं. दुसरा, आत्यानं हक्कदार म्हणून आपला हिस्साही बँकेकडे तारण ठेवायचा. दुसरा मार्ग सांगताना ते हसले. भाचीच्या परदेशासाठी स्वतःचा हिस्सा अडकवणारी बहीण त्यांनी तीस वर्षांच्या वकिलीत पाहिली नव्हती. "हक्कसोडच करा. एक चांगली साडी घ्या आणि जाऊन या," ते म्हणाले. त्यांना शनिवारपर्यंत अहवाल द्यायचा होता. विद्यापीठाला पंधरा जुलैच्या आत फी हवी होती. आज सोमवार होता.

घरी येताना मी दोन गोष्टींचा विचार करत होते.

पहिली अप्पांची. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. मार्केट यार्डातले आडते सरकारी तपासणीच्या आधी आपले काटे त्यांच्याकडे आणून टाकत. पन्नास किलोच्या काट्यात दहा ग्रॅमचा फरक राहिला तरी ते काटा पुन्हा उघडत. वीज बिलाच्या मागे भरल्याची तारीख लिहून ठेवणाऱ्या माणसानं घराचा कागद न नोंदवता कपाटात टाकावा, हे मला जुळेना.

दुसरी गोष्ट अंगठ्याची. आमच्या घरी अप्पांची एक शिसवी पेटी होती. आत पितळी वजनांसाठी खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेखाली एक कागदी चिठ्ठी चिकटवलेली: 'पाचशे ग्रॅम', 'दोनशे ग्रॅम', 'शंभर ग्रॅम'. बारीक निबचं, उभं, एकसारखं अक्षर. मी वाचायला शिकले ती त्या चिठ्ठ्यांवर. झाकणाच्या आतल्या बाजूला एक मोठी चिठ्ठी होती: 'दादाची पेटी. हात लावू नये. इंदू, १९७५.'

त्या संध्याकाळी मी पेटी उघडून ते अक्षर पुन्हा पाहिलं. असं लिहिणारी बाई अंगठा का उठवेल?

मी आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. ब्याण्णव साली, आजोबा गेल्यावर तीन महिन्यांनी, कागदासाठी आलेल्या साक्षीदारांसाठी ती आत चहा करत होती, एवढंच तिनं सांगितलं. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा वन्सं चपला घालत होत्या. साडी घेतली, चहा घेतला नाही. त्यानंतर त्या या घरात आल्या नाहीत.

"भांडण झालं होतं?"

"आवाज तर काही आला नाही," आई म्हणाली. "तुझ्या वडलांना विचार. मी विचारून दमले."

खरंच भांडण नव्हतं. अप्पा दर भाऊबीजेला कुर्डुवाडीला जात आणि दुपारच्या गाडीनं परत येत. आत्याकडून कडक भाकरीचा पुडा येई. मी तिला लग्नकार्यात पाच-सहा वेळा पाहिलं होतं. ती मला माझा अभ्यास विचारायची आणि मी काय सांगितलं ते पुढच्या भेटीपर्यंत लक्षात ठेवायची. आमच्या घरी मात्र यायची नाही.

त्या रात्री मला एक शंका आली, आणि ती मी कोणापुढे उच्चारली नाही. तो अंगठा आत्याचा नसेल तर? साक्षीदार अप्पांचेच मित्र होते. दोघेही वारले होते. नोंदणी करायची तर अंगठ्याची मालकीण हजर करावी लागते. नोंदणी न करण्याचं तेवढं एक कारण मला पटत होतं, आणि ते खरं असेल तर माझं कर्ज, माझी फी, माझं विमानाचं तिकीट हे सगळं एका खोट्या कागदावर उभं राहणार होतं.

बुधवारी सकाळी आम्ही एसटीनं कुर्डुवाडीला निघालो. आईनं इरकल साडी पिशवीत घालून दिली होती. अप्पांनी ती मांडीवर घेतली होती. मी त्यांना विचारलं, त्या दिवशी नेमकं काय झालं होतं? त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं की कागद झाला होता. मी विचारलं, कोणी केला? ते म्हणाले, "आत्याकडं गेल्यावर बोलू."

आत्याचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते तीन वर्षांपूर्वी गेले होते. मुलगी लग्न होऊन लातूरला होती. आत्या एकटी राहायची आणि सोलापूरच्या दोन दुकानांना कडक भाकरी पुरवायची. आम्ही गेलो तेव्हा ओसरीत भाकरींच्या चळती लावलेल्या होत्या आणि ती पोटमाळ्याखाली पाटावर बसून पुडे बांधत होती. डोळ्यांवर चष्मा, पदर खोचलेला.

तिनं आधी मला पाहिलं, मग अप्पांना, मग पिशवीला.

"साडी आणलीस, दादा? म्हणजे काहीतरी सोडून द्यायचंय."

अप्पा उभेच राहिले.

"मागच्या खेपेची अजून ट्रंकेत आहे. घडी मोडली नाही मी तिची. बसा की. शलाका, तू खुर्चीवर बस, तुला खाली बसायची सवय राहिली नसंल."

मी खालीच बसले. भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली होती. किती पुडे गेले, किती आले, तारखेसकट. उभं, बारीक, एकसारखं अक्षर. 'ग'चा काना थोडा लांब, पेटीतल्या 'ग्रॅम'सारखाच. तेहेतीस वर्षांत त्यात काही बदल झाला नव्हता.

पाणी झालं, चहा झाला. अप्पांनी वकिलांनी काय सांगितलं ते क्रमानं सांगितलं. नोंदणी राहिली होती, पुन्हा करावी लागेल, शनिवारच्या आत बार्शीला यावं लागेल, जायचा-यायचा खर्च ते देतील. आत्या पुडे बांधत ऐकत होती. तिनं मधे एकदाच विचारलं, कागद आणलास का? अप्पांनी तो खिशातून काढून जमिनीवर ठेवला. तिनं उचलला नाही.

मी उचलला.

"आत्या, एक विचारू? हा अंगठा तुमचा आहे का?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, पण तसा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. त्यांना राग आला नव्हता. मी कशाची शंका घेतली होती ते त्यांना कळलं होतं.

आत्यानं सुतळीची गाठ मारली, चष्मा वर केला आणि कागद हातात घेतला. मग आपला उजवा अंगठा त्या ठशाशेजारी धरून पाहिला.

"माझाच. इथं चीर आहे बघ, विळीची. लग्नाआधीची."

"मग सही का नाही केलीत?"

"ते तुझ्या बापाला विचार. त्याला ठाऊक आहे. सोळा वर्षांत त्यानं कोणाला सांगितलं नसंल, तर आज सांगू दे."

बाहेर रुळांवर एक इंजिन शंटिंग करत होतं. मग अप्पा बोलायला लागले. काट्याचा दोष एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावा तसे, एकेक भाग वेगळा करून.

ते आणि आत्या एकाच वर्षी मॅट्रिक झाले. अप्पा एक वर्षानं मोठे होते, पण एकदा नापास झाले होते. आत्या शाळेत पहिली आली होती. तिला सोलापूरच्या अध्यापिका विद्यालयात जागा मिळाली, त्यांना आयटीआयला. आजोबा तेलाच्या घाण्यावर हिशेबनीस होते, त्यांच्याजवळ एकाच्याच वसतिगृहाचे पैसे होते. कोणाला पाठवायचं याची चर्चासुद्धा झाली नाही, असं अप्पा म्हणाले. चर्चा झाली असती तर निदान कोणीतरी नाही म्हटल्याचं तरी आठवलं असतं.

"माझा आयटीआयचा फॉर्म हिनंच भरला," ते म्हणाले.

"ह्याचं अक्षर असलं होतं," आत्या मला म्हणाली. "फॉर्म परत पाठवला असता त्यांनी."

आयटीआय झाल्यावर अप्पांनी पहिल्या पगारात पेटी घेतली. चिठ्ठ्या तिनं लिहिल्या. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. मग ब्याण्णव साली आजोबा गेल्यावर अप्पांनी कागद तयार करून आणला. बहिणी हक्क सोडतात, सगळ्यांच्याच सोडतात, त्यात विचारण्यासारखं काही असतं असं त्यांना वाटलं नव्हतं. साडी आणली, साक्षीदार बोलावले. कागद तिच्यापुढे ठेवला आणि खिशातलं पेन काढून दिलं.

इथे ते थांबले. पुढचं आत्यानं सांगितलं.

"मी म्हटलं, दादा, सही शिकलेली माणसं करतात. माझ्या शिक्षणाचं तुम्ही काय केलंत ते तुला ठाऊक आहे. पॅड मागव."

"आणि मी मागवलं," अप्पा म्हणाले.

माझी शंका चुकीची ठरली होती आणि मला बरं वाटायला हवं होतं. तरी एक प्रश्न राहिलाच होता. मी विचारलं, "मग नोंदणी का नाही केलीत?"

"तिथं हिला घेऊन जावं लागलं असतं. साहेबासमोर पुन्हा एकदा पॅडवर अंगठा ठेवताना बघावं लागलं असतं. उद्या नेतो, परवा नेतो, असं करत राहिलो. मग म्हटलं, कागद झालाय ना, पुरे."

आत्यानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं. मला वाटतं, नोंदणी झालीच आहे असं धरून ती सोळा वर्षं राहिली होती.

मग ती माझ्याकडे वळली आणि चौकशी सुरू झाली. बँकेतल्या मॅनेजरबाईंनीही इतकं विचारलं नव्हतं. काय शिकणार? पाण्याचं काय नियोजन, तिकडं तर पाणीच पाणी असतं म्हणतात? मी सांगितलं की तिथली जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे, म्हणून त्यांना पाण्याचा हिशेब ठेवावाच लागतो. व्याज किती? सव्वाबारा टक्के. हप्ते कधीपासून? शिक्षण संपल्यावर वर्षानं, किंवा नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा. त्या काळातलं व्याज? चढत राहतं. म्हणजे सोळाचे किती होतात? मी म्हणाले, साधारण एकवीस. तिनं ओठ हलवून मनाशी आकडा पडताळला आणि मान हलवली.

"आणि नाही फिटलं तर?"

"घर जाईल."

"कोणाचं?"

मी अप्पांकडे पाहिलं. मग म्हणाले, "अप्पांचं आणि तुमचं."

"हे बरोबर बोललीस." तिनं कागद घडी करून अप्पांपुढे ठेवला. "दादा, मी हक्क सोडणार नाही."

अप्पांनी मान खाली घातली. पंधरा जुलै, फी, सोलापूरच्या ठेकेदाराला दिलेला राजीनामा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. तिचं चुकतंय असं मात्र मला म्हणवेना.

"तो दुसरा मार्ग काय म्हणाला वकील? हिस्सा तारण ठेवायचा?"

"इंदे, तुझा हिस्सा अडकंल त्यात," अप्पा म्हणाले.

"अडकू दे. सोडलेला परत येत नाही. अडकवलेला हिनं कर्ज फेडलं की परत येतो." तिनं पुढचा पुडा ओढला. "आणि ही फेडंल. आकडा विचारल्यावर तिनं आकडाच सांगितला, मला धीर नाही दिला."

तिच्या दोन अटी होत्या. घरपट्टीवर तिचं नाव लागलं पाहिजे, आणि दर वर्षी कर्जाच्या खात्याचा उतारा तिला मिळाला पाहिजे. दुसरी अट मी नऊ वर्षं पाळली. तिसऱ्या वर्षी तिचा मला परदेशात फोन आला, बँकेनं विम्याचे तीनशे बारा रुपये दोनदा लावलेत म्हणून. तिचं बरोबर होतं.

निघताना तिनं साडीची पिशवी माझ्या हातात दिली. या खेपेला ती काही सोडत नव्हती, त्यामुळे साडी लागू होत नव्हती, असं तिनं सांगितलं.

चार जुलैला, शुक्रवारी, बँकेत सह्या झाल्या. आत्या सकाळच्या गाडीनं आली आणि थेट बँकेतच उतरली. मॅनेजरबाईंच्या केबिनबाहेरच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. कर्जविभागातल्या क्लार्कनं प्रत्येक सहीच्या जागी पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती. आधी मी सह्या केल्या, मग अप्पांनी. मग क्लार्कनं गठ्ठा आत्याकडे फिरवला, ड्रॉवर उघडला, आणि शाईचं पॅड काढून तिच्यासमोर ठेवलं. त्याची चूक नव्हती. वकिलांच्या अहवालाला जुन्या कागदाची झेरॉक्स जोडलेली होती. शेजारी एक कोरं फडकंही त्यानं ठेवलं, अंगठा पुसायला.

आत्या पॅडकडे पाहत राहिली. तिनं हात उचलला नाही.

अप्पा उठले. त्यांनी पॅडचं झाकण लावलं आणि ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं.

"पॅड नको," ते क्लार्कला म्हणाले. "ती शिकलेली आहे. मॅट्रिकला शाळेत पहिली आली होती. मी त्याच वर्षी कसाबसा पास झालो."

एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. रांगेतल्या दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं. अप्पांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि आत्याला दिलं.

तिनं ते घेतलं. क्लार्कनं तिला सांगितलं की सही सगळीकडे सारखी यायला हवी, नाहीतर कागद परत येतात. "सारखीच येईल," ती म्हणाली. सासरचं नाव की माहेरचं, असं त्यानं विचारलं. तिनं मिळकत पत्रिकेच्या नकलेवर बोट ठेवलं. 'इंदुमती निवृत्ती उंबरे', छत्तीस ठिकाणी. घाई नाही, थांबणं नाही. क्लार्कनं पहिली आणि शेवटची सही शेजारी धरून पाहिली आणि गठ्ठा उचलला.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, दीडची कुर्डुवाडी गाडी मिळेल का बघू? आत्या म्हणाली, संध्याकाळचीही असते. मग थोडं पुढे चालून म्हणाली, "घर बघू की आधी. काय ठेवलंय मी बँकेत ते तरी बघते."

सोळा वर्षांनी ती आमच्या घरी आली. आईनं तिच्या पायांवर पाणी घातलं आणि लगेच आत गेली, चहाला. आत्यानं तिन्ही खोल्या पाहिल्या, स्लॅबला कुठे ओल आहे ते पाहिलं, मोरीच्या फरशीबद्दल अप्पांना दोन शब्द ऐकवले. चहा आला, तो तिनं बशीत ओतून सगळा घेतला. आई दाराच्या चौकटीला धरून बघत होती.

अप्पा आतून शिसवी पेटी घेऊन आले. तिच्यापुढे ठेवून त्यांनी झाकण उघडलं. चिठ्ठ्यांची शाई तपकिरी झाली होती, कडा उठल्या होत्या. पेटीशेजारी त्यांनी कोरा कागद ठेवला आणि तेच पेन.

"जुन्या झाल्यात," ते म्हणाले. "नव्या लिहून देशील का?"

आत्यानं चष्मा लावला. एकेक खाच वाचत ती पाचशे ग्रॅमपासून शेवटच्या वजनापर्यंत गेली, मग झाकणावरच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं, आणि झाकण हळूच खाली टेकवलं.

"कशाला? वाचता येतंय की अजून."